जाळीवाली

बिस्किटांच्या कारखान्याच्या गेटवर वहिनीने बावीस वर्षं काढली. पाळी सुटली की बायकांच्या पिशव्या उघडून बघायच्या, पुरुषांच्या खिशांवरून हात फिरवायचा, आणि कुणाच्या डब्यात पावशेर साखर निघालीच तर नाव लिहून घ्यायचं, असं तिचं काम. ती कुणाला सोडायची नाही, पण कुणाला चारचौघांत उघडंही पाडायची नाही. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती.

तिला वहिनी म्हणायचा हक्क खरा एकाच माणसाचा, तिच्या धाकट्या दिराचा. पुढे ती त्याच्या कामावर जायला लागली आणि तिथली झाडून सगळी माणसं तिला वहिनीच म्हणू लागली.

धाकट्याची आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि वहिनीच्या लग्नाला चार महिने झाले होते. त्याच्या उवा काढण्यापासून त्याच्या लग्नात मिरवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. तिला स्वतःला मूल झालं नाही. नवरा, म्हणजे थोरला, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता. तो घरात असला काय आणि नसला काय, आवाज सारखाच. घरातलं बोलणं, हसणं, भांडण, सगळं वहिनी आणि धाकटा यांच्यातच चालायचं.

धाकट्याला चित्रकथांचं वेड होतं आणि त्या वेडातून त्याने धंदा उभा केला. वर्षातून एकदा तो चाहत्यांचा मेळावा भरवायचा. चित्रकथांतल्या आणि पडद्यावरच्या पात्रांचे वेश करून पोरंपोरी यायची, एकमेकांचे फोटो काढायची, आवडत्या नटाची सही मिळवायला तासन्‌तास रांगेत उभी राहायची. पहिल्या वर्षी तीनशे आली. पाचव्या वर्षी एक जुनी प्रदर्शनाची इमारत भाड्याने घ्यावी लागली.

"वहिनी, सुरक्षेचं तू बघ," तो म्हणाला. "बाहेरची माणसं नुसती छाती काढून उभी राहतात. तुझ्यासारखी नजर कुणाला आहे?"

तिला बरं वाटलं. घरी बसून बसून तिचे गुडघे धरले होते आणि थोरल्याच्या वर्तमानपत्राच्या सळसळीचा तिला कंटाळा आला होता.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दोघांनी अख्खी इमारत पायाखाली घातली. खाली दुकानांचा हॉल, वर स्टेजचा हॉल. वर जायला समोरून एकच जिना, आणि जिन्याच्या तळाशी ओढून बंद करायची लोखंडी जाळी. वरून उतरायला मागच्या बाजूने एक रुंद उतार होता. पूर्वी सामानाच्या हातगाड्या त्यावरून चढवत.

"वर नऊशेच्या पुढे एक माणूस जाता कामा नये," वहिनी म्हणाली. "चढायचं जिन्याने, उतरायचं मागून. तो उतार दिवसभर उघडा राहिला पाहिजे."

"तू म्हणशील तसं."

"लिहून दे."

तो हसला. "घरच्या घरात लिहून देऊ?"

मग त्याने परवानगीचा अर्ज पुढे केला. त्यावर 'सुरक्षा प्रमुख' असं लिहून समोर तिचं नाव घातलेलं होतं. ती कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नसे. हाही तिने वाचला. 'सर्व मार्ग खुले अथवा बंद ठेवण्याची संपूर्ण जबाबदारी सुरक्षा प्रमुखाची राहील,' या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"हे काय?"

"छापीलच असतं गं ते. सगळीकडे तेच."

तिने सही केली. कारखान्यातही छापील कागदांवर तिने अशा शेकडो सह्या केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती सुरक्षेचा करडा गणवेश घालून दाराशी टेबल मांडून बसली. स्पंजच्या तलवारी, पत्र्याच्या बंदुका, कापसाच्या शेपट्या, सगळं तिच्या हाताखालून जात होतं. टोक असलेली वस्तू असेल तर ती बाजूला ठेवून चिठ्ठी द्यायची. वेश खांद्यांपेक्षा रुंद असेल तर टेप लावून मोजायचा. पोरं कुरकुरायची, मग तिची गंमत करायची, मग ऐकायची.

अकराच्या सुमाराला एक शिंपी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असेल. तिने पक्षीराणीचा वेश केला होता. त्याच पात्राचं काम करणारी नटी त्या दिवशी सह्या द्यायला येणार होती, त्यामुळे सकाळपासून पंधरा-वीस पक्षीराण्या येऊन गेल्या होत्या; पण हिचे पंख बघून रांगेतली बोलणारी तोंडं गप्प झाली. पातळ कापडाचा एकेक तुकडा पिसासारखा कापून एकावर एक बसवला होता. उघडे पंख दोन्ही बाजूंना हातभर पसरत होते.

"हे असे वर नेता येणार नाहीत," वहिनी म्हणाली.

"मिटतात ना, मावशी." मुलीने काखेतली दोरी ओढली आणि पंख पाठीवर छत्रीसारखे मिटले.

वहिनीने टेप लावला. "पुन्हा उघड. पुन्हा मीट." तिने तीनदा करून घेतलं. तिन्ही वेळा पंख झटकन मिटले.

"बाबांनी एकवीस दिवस घेतले," मुलगी म्हणाली.

"बावीस," शिंपी म्हणाला. तो किडकिडीत माणूस होता. बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे कमी आणि कपड्यांच्या शिवणीकडे जास्त बघायचा.

"वर जाताना आणि उतरताना मिटलेलेच ठेवायचे," वहिनीने बजावलं आणि मुलीच्या मनगटाला हिरवा पट्टा बांधला. शिंप्याकडे तिकीट नव्हतं. "मी इथेच बाकावर बसतो," तो म्हणाला, आणि डबा मांडीवर घेऊन बसला.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. तीन वाजता वहिनीने वरची माणसं मोजायला एका स्वयंसेवक मुलीला पाठवलं. ती धापा टाकत खाली आली. "वहिनी, हजाराच्या वर आहेत. मागच्या उतारावरून धाकटे साहेबच वर घेतायत. म्हणतात नटीसमोर हॉल रिकामा दिसता कामा नये."

वहिनीने वॉकीटॉकी उचलला, तेवढ्यात धाकटाच त्यावर बोलायला लागला.

"वहिनी, मागचा उतार बंद करतोय. बाईंची गाडी तिथे लागतेय. त्यांना गर्दी चालत नाही."

"बंद करू नकोस. वर हजारावर माणसं आहेत."

"दहा मिनिटं फक्त. आणि जिन्याची जाळी अर्धी ओढून घे. बिनपट्ट्याची माणसं घुसतायत."

"अरे, अर्धी ओढली तर उतरणारी माणसं उतरतील कुठून?"

"कोण उतरतंय आत्ता? वहिनी, दहा मिनिटं. माझी लाज राख."

तिने जिन्यापाशी जाऊन जाळी अर्धी ओढली. पुढे कुणीही विचारलं तरी तिने हे कधी नाकारलं नाही, आणि तेच तिच्या अंगाशी आलं.

त्यानंतर चार मिनिटांत घोषणा झाली. धाकट्याने स्वतः माइक घेतला होता. नटी वर येणार नाही, तिला बरं वाटत नाही; ती खालच्या हॉलमध्ये बसेल आणि पहिल्या दोनशे जणांनाच सही देईल, असं त्याने सांगितलं. सकाळपासून तिची वाट बघणारी हजार माणसं एकदम वळली. काही मागच्या उताराकडे गेली, तिथे साखळी बघून परतली, आणि सगळी जिन्यावर आली.

पहिली पन्नासेक माणसं अर्ध्या उघड्या भागातून निसटली. मग तोंडाशी कुणीतरी पडलं, त्याच्यावर दुसरं पडलं, आणि वरून येणाऱ्यांना ते दिसलं नाही. ती हसत होती, गाणं म्हणत होती, मागून ढकलत होती. वहिनीने जाळी सरकवायला हात घातला. पण जाळी बाजूला सरकणारी, आणि तिच्यावर माणसांचं वजन. ती तसूभरही हलेना. तिने पाय भिंतीला लावून ओढलं. दोन बोटांची नखं मुळापासून निघाली. ते तिला नंतर कळलं.

शिंप्याची मुलगी बंद अर्ध्याला टेकून उभी होती. मध्ये जाळी, आणि तिचा चेहरा वहिनीच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. पंख पाठीवर मिटलेले होते.

"मावशी, ओढा ना," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात.

"ओढतेय, बाळा. श्वास घे. तोंड वर कर."

"ओढा ना."

तिसऱ्यांदा तिचे नुसते ओठ हलले. गर्दीने तिला उभंच धरून ठेवलं होतं, त्यामुळे ती गेली ते मागच्या कुणाला समजलंच नाही. वहिनीला समजलं. ती तरीही ओढत राहिली. बाकावरून धावत आलेला शिंपी तिच्या शेजारी जाळी धरून ओढत होता आणि मुलीला हाका मारत होता, आणि मुलगी उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती.

गर्दी विरायला वीस मिनिटं लागली. अकरा जणांची हाडं मोडली, एकटी तीच मेली. नटीची गाडी मागच्या मागे निघून गेली आणि मग उताराची साखळी निघाली.

पाच वाजता पोलीस अधिकारी इमारतीच्या कचेरीत बसून जबाब घेत होता. वहिनीच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. धाकटा आत आला. त्याचे डोळे सुजले होते. ती त्याच्यासाठी उठून उभी राहिली. तो लहानपणी पडला-झडला की उठायची तशीच.

"वहिनी," तो अधिकाऱ्यासमोर म्हणाला, "तू जाळी का ओढलीस?"

तिला वाटलं, घाबरलाय, तोंडातून काहीही निघतंय. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने नजर वळवली नाही. मग तिच्या लक्षात आलं की हे वाक्य त्याने बाहेर, दाराशी उभं राहून जुळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो वकिलाला घेऊन घरी आला. वकील मऊ बोलणारा होता. त्याने समजावलं की मेळाव्याचा विमा आहे, पण आयोजकाने जाणूनबुजून मार्ग बंद केला असं निघालं तर विमा कंपनी हात वर करणार, आणि आयोजकावर मनुष्यवधाचा खटला उभा राहणार. सुरक्षा प्रमुखाचा अंदाज चुकला असं निघालं, तर तो निष्काळजीपणा. त्याला शिक्षा कमी. बाईमाणूस, वय झालेलं, आजवर एक डाग नाही. न्यायाधीश सबुरीने घेतील.

"म्हणजे मी खोटं बोलायचं," वहिनी म्हणाली.

"खोटं कुठे? जाळी तुम्हीच ओढलीत. कागदावर सही तुमचीच आहे. उताराबद्दल तेवढं गप्प राहायचं."

धाकट्याने खाली बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तो रडला. खरंखुरं रडला. तिचा हात आपसूक त्याच्या केसांत गेला. "माझी पोरं लहान आहेत, वहिनी," तो म्हणाला. "मला आई नव्हती, तू होतीस. त्यांचा बाप काढून घेऊ नकोस."

तिने हात काढून घेतला. "जाळी मी ओढली, ते सांगेन. उतार कुणी बंद केला, तेही सांगेन."

तो उठला, तोंड धुतलं, आणि पाणीसुद्धा न पिता गेला.

संध्याकाळी थोरल्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. महिन्यातून एखाद्या वेळी तो असं करायचा. "तो आत गेला तर दोन लेकरं उघड्यावर पडतील. तुझ्यामागे कोण आहे?"

"तुम्ही आहात."

त्याने वर्तमानपत्र पुन्हा उचललं.

खटला उभा राहायला आठ महिने गेले. एवढ्या काळात चाहत्यांनी वहिनीचा निकाल लावून टाकला होता. मेळाव्यावर बंदी येणार अशी आवई उठली आणि पोरं पिसाळली. वर्षभर पैसे साठवून, रात्रंदिवस खपून वेश शिवणारी ही मुलं. शाळेत, नोकरीत त्यांना कुणी विचारत नसे. त्यांचं दोन दिवसांचं राज्य एका म्हातारीने बुडवलं, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी तिचं नाव ठेवलं जाळीवाली. तिचं चित्र काढलं: कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात जाळी, दात बाहेर. ते चित्र फोनाफोनावर फिरलं, मग स्टिकर होऊन तिच्या दारावर आलं. तिने ते खरवडून काढलं. दुसऱ्या दिवशी तिथे दोन लागली होती.

न्यायालयात स्वयंसेवकांच्या साक्षी झाल्या. चौदा जण. चौदाही जणांनी एकच वाक्य सांगितलं: "आम्ही वहिनींना म्हटलं होतं, उतार बंद करू नका." वरची माणसं मोजून धापा टाकत आलेली ती मुलगीही त्यांत होती. तिला बोलताना रडू आलं. वहिनीला क्षणभर आशा वाटली. मुलीने नाक पुसलं आणि तेच वाक्य पूर्ण केलं.

मग थोरला आला. धुतलेला सदरा, नीट भांग. धाकट्याच्या वकिलाने त्याला विचारलं, पत्नीचा स्वभाव कसा आहे.

"कडक आहे."

"म्हणजे?"

"घरीसुद्धा दाराला कडी लावली की दोनदा ओढून बघते. खिडक्यासुद्धा. मी बाहेर गेलो आणि यायला उशीर झाला तर आतून कडी लावून घेते. दार वाजवत बसावं लागतं."

न्यायालयात हसू पसरलं. न्यायाधीशही किंचित हसले. लग्नाच्या तेहतीस वर्षांत थोरला तिच्याविषयी एका दमात एवढं कधीच बोलला नव्हता. खाली उतरताना त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, बाजारातून निघताना ओळखीच्या माणसाला हलवावी तशी.

शिंप्याची साक्ष सगळ्यांत लांबली. धाकट्याच्या वकिलाला पंखांत रस होता.

"पंख मिटल्यावर रुंदी किती?"

"बावीस इंच."

"गर्दीत असताना ते मिटलेले होते, हे तुम्ही पाहिलंत?"

"मी बनवलेत. मिटले की मिटलेलेच राहतात."

"पाहिलंत का, एवढंच विचारतोय."

"मला तिचा चेहरा दिसत होता."

"दोरी कुठून जात होती? काखेतून, छातीवरून, बरोबर? म्हणजे मागून कुणी पंख ओढले तर दोरी छातीवर आवळणार."

शिंप्याने स्वतःच्या छातीवरून बोट फिरवलं, जणू मापच घेतोय. त्याचं बोट मध्येच थांबलं.

"तुम्ही हे शिवताना ध्यानात घेतलं होतं का?"

"म्हणजे माझ्यामुळे?" त्याने न्यायाधीशांना विचारलं.

"फक्त प्रश्नाचं उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

"नव्हतं घेतलं," शिंपी म्हणाला. मागच्या बाकावर बसलेली त्याची बायको उठली आणि बाहेर निघून गेली.

वहिनीला सरकारने दिलेला वकील तरुण होता आणि त्याला हा खटला हरायचा नव्हता. जेवणाच्या सुट्टीत तो तिच्याजवळ आला. "त्यांच्या वकिलाने आपलं काम सोपं केलंय. आता तुम्ही एवढंच म्हणा, पंख जाळीत अडकले होते. मुलीने तुमची सूचना मोडली. शिक्षा निम्म्यावर येईल."

"पंख मिटलेले होते."

"तुमच्याशिवाय कुणी पाहिलं नाही."

"म्हणून तर सांगतेय."

तिने तेच सांगितलं. पंख मिटलेले होते, दोरी सैल होती, मुलीचा काही दोष नव्हता, शिंप्याचा नव्हता. जाळी तिने ओढली, उतार दिराने बंद केला. पंखांचं तिचं म्हणणं न्यायाधीशांनी मान्य केलं, कारण त्यात तिचा फायदा नव्हता. दिराचं अमान्य केलं, कारण त्यात होता.

तिला दोन वर्षांची शिक्षा झाली. धाकटा निर्दोष सुटला. नैतिक जबाबदारी म्हणून पुढच्या वर्षीपासून स्टेजच्या हॉलला त्या मुलीचं नाव देऊ, असं त्याने न्यायालयात सांगितलं, आणि निकालपत्रात त्याबद्दल त्याचं कौतुक आलं. मेळाव्याच्या नियमांत एकच नवं कलम आलं: पंखांना बंदी.

तुरुंगात थोरला दोनदा भेटायला आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने सांगितलं की तो धाकट्याकडे राहायला गेलाय. एकट्याला स्वयंपाक जमत नाही. घर सोडलं. "तुझ्या वस्तू पेटीत नीट ठेवल्यात," तो म्हणाला. चांगल्या वागणुकीमुळे ती सतराव्या महिन्यात सुटली. दाराशी कुणी नव्हतं. पेटी धाकट्याच्या घराच्या फाटकाबाहेर मिळाली. धाकटी जाऊ वरच्या खिडकीत उभी होती, तिने पडदा सारला. पेटी तिला एकटीला उचलेना. रिक्षावाल्याने हात लावला.

एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात तिला काम मिळालं. चादरी यंत्रातून निघाल्या की दोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. मागच्या गल्लीत तिने एक खोली घेतली.

तिथेच एका दुपारी शिंपी आला. पत्ता त्याने न्यायालयाच्या शिपायाकडून काढला होता. तो आणखी वाळला होता. तिने त्याला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. पाणी तिने विचारलं नाही, त्यानेही मागितलं नाही.

"मेळावा झाला गेल्या आठवड्यात," तो म्हणाला.

"असेल."

"वेशांच्या स्पर्धेत चार जाळीवाल्या होत्या. एकीला बक्षीस मिळालं. हातात खऱ्यासारखी जाळी, पुठ्ठ्याची. लोक खूप हसले म्हणे. चारही गणवेश मी शिवले."

वहिनीने पलंगावरची चादर सारखी केली.

"पहिली मुलगी माप द्यायला आली तेव्हा मला कळलं नाही. करडा सदरा, खांद्यावर पट्ट्या, म्हटलं नोकरी लागली असेल. मग तिने फोनवर चित्र दाखवलं. मी तिला घालवू शकलो असतो." त्याने तिच्या बाहीच्या शिवणीकडे पाहिलं. "घालवलं नाही. चांगलं कापड लावलं. तुमच्या खिशाचं झाकण डाव्या बाजूला थोडं उचललेलं होतं, ते चित्रात नव्हतं. मी तसंच शिवलं. बाकीच्या तिघी ते बघून आल्या."

"का?"

"जाळी तुम्ही ओढलीत."

"हो."

"मग झालं तर." त्याने तळहात गुडघ्यांवर घासले. मग म्हणाला, "मी त्यासाठी नाही आलो. पंखांचं विचारायचं होतं. तुम्ही कोर्टात म्हणालात मिटलेले होते. तुमचा वकील मला बाहेर म्हणाला, उलट बोलल्या असत्या तर शिक्षा निम्मी झाली असती. मग तसं का नाही बोललात?"

"कारण मिटलेले होते."

त्याने डोळे मिटले. त्याचे खांदे खाली आले.

"माझी बायको निकालाच्या आधीच माहेरी गेली," तो म्हणाला. "ती म्हणते, तुझ्या दोरीने मारली तिला. कोर्टात मी छातीवरून बोट फिरवलं ना, ते तिने पाहिलं. त्यानंतर तिने माझ्या हातचं काही खाल्लं नाही. निकालपत्र वाचून दाखवलं, तरी म्हणते कागद आहे तो. तुम्ही समोर होतात. तुम्ही सांगितलंत तर तिला पटेल. बसने तासाभराचा रस्ता आहे. मी घेऊन जातो, परत आणून सोडतो. एकदाच या."

वहिनी त्याच्या हातांकडे बघत होती. बोटांची टोकं सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली. या माणसासाठी तिने आठ-दहा महिने तुरुंगातले जास्त काढले होते, आणि त्याने बसून, ध्यानात ठेवून, तिच्या खिशाचं झाकण शिवलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला फक्त एवढंच म्हणायचंय, मिटलेले होते."

"एकदा म्हटलंय मी. भर कोर्टात."

"तिने ते ऐकलं नाही. ती बाहेर होती."

"माझं कुणी ऐकायचं राहिलं, म्हणून आता मी घरोघर जाऊन सांगत फिरू?"

"बाई, ती आई आहे तिची."

"चार गणवेश शिवलेत तुम्ही," वहिनी म्हणाली. "पाचवा शिवा. तो घालून पाठवा कुणाला तरी. सांगेल तिला."

तो उठला. दाराशी गेल्यावर त्याला कडी उघडता येईना; कडी जरा अडायची. ती बसल्या जागेवरून उठली नाही. त्याने दोनदा ओढली, तिसऱ्यांदा ती निघाली, आणि तो गल्लीतून निघून गेला.

तिला बरं वाटलं. बऱ्याच वर्षांनी एवढं बरं वाटलं, आणि ते तिने स्वतःपासूनही लपवलं नाही. संध्याकाळी तिने भात लावला आणि दोन वेळचा एकदमच खाल्ला.

पुढच्या वर्षी धुलाईघरात एक नवी बाई लागली. ती शिंप्याच्या दुकानाच्या गल्लीतच राहायची. बोलता बोलता तिने सांगितलं की त्या जागेत आता चपलांचं दुकान झालंय. शिंपी यंत्र विकून कुठे गेला कुणाला माहीत नाही, आणि त्याची बायको काही परत आली नाही. पोरगी गेल्यापासून दोघांचं बिनसलं होतं, काहीतरी पंखांवरून, असं लोक म्हणतात.

"पंखांवरून?" वहिनीने विचारलं.

"असंच ऐकलं. खरं-खोटं देव जाणे."

यंत्रातून पुढची चादर बाहेर आली. वहिनीने तिची दोन टोकं धरली आणि उरलेली दोन त्या बाईच्या हातात दिली.